पीईजी १०००: ओंडक्याची चकती अखंड वाळते, पण प्रत्येक चकतीला ते लागतंच असं नाही

ओंडक्याची आडवी चकती कापायची, तिला पाय लावायचे आणि हॉलमध्ये टीपॉय म्हणून ठेवायची, ही हौस हल्ली कोल्हापुरात बऱ्याच घरांत दिसते. चकती कापणं सोपं आहे, ती अखंड वाळवणं अवघड. त्यासाठी पीईजी १००० नावाचं रसायन मिळतं आणि ते घ्यावं की नाही हे मला सतत विचारलं जातं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. मत आधीच सांगतो. आंब्याची, गाभ्यासकट आणि सालीसकट, एकही चीर नसलेली चकती हवी असेल तर पीईजीच्या तोडीचा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. सागवान आणि बाभळीवर त्याचे पैसे घालू नका. रस्त्याकडेच्या रेन ट्रीला तर त्याची गरजच नाही. माझे पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड आपल्या पावसाळ्यापायी कापला आहे.

मी शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहे. फौंड्रीत वाळूचा साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करतो. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची पट्टीसुद्धा तेवढी वाढवून आखलेली असते. धातूच्या आकसण्याचा हिशेब पट्टीत बसतो. लाकडाचा तसा बसत नाही, त्यामुळं पॅटर्नला पूर्ण वाळलेलंच लाकूड घ्यायचं, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं. चकत्यांचं फर्निचर मी घरी हौसेनं करतो, पण बघायची नजर तीच राहते.

चकती का तडकते हे नीट कळल्याशिवाय पीईजीची किंमत कळत नाही, म्हणून तिथं थोडा थांबतो. ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी उडून गेलं तरी लाकडाचं माप हलत नाही. ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. ते सगळीकडून सारखं असतं तर चकती नुसती थोडी लहान झाली असती. पण लाकूड वाढीच्या गोल वलयांना धरून जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडं आकसतं. सागवान घ्या. ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेनं ५.८ टक्के, त्रिज्येच्या दिशेनं २.५ टक्के. फरक ३.३ टक्क्यांचा. ४०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा घेर सुमारे १२५७ मिलिमीटर भरतो, त्याचे ३.३ टक्के म्हणजे ४१ मिलिमीटर. घरातलं लाकूड पार कोरडं होत नाही. ते १२ टक्क्यांवर थांबलं असं धरलं, तर यातला साधारण ६० टक्के वाटा, म्हणजे जवळजवळ एक इंच. घेर एक इंचानं कमी पडतो आणि आतला भाग तेवढा लहान व्हायला तयार नसतो. मग तो इंच सालीपासून गाभ्यापर्यंतच्या एका मोठ्या फाटेत तरी दिसतो, नाहीतर पाच-सात बारक्या चिरांत वाटला जातो.

त्यात चकतीची दोन्ही तोंडं उघडी. आडव्या कापातून पाणी फळीच्या बाजूपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं बाहेर पडतं. फळ्यांसाठी आपण जे करतो, म्हणजे सावलीत थप्पी, मध्ये पट्ट्या, टोकांना रंग किंवा मेण, ते चकतीलाही केलं तर वाळण्याचा वेग कमी होतो आणि बारक्या चिरा कमी पडतात. पण हिशेबातला इंच फारसा कमी होत नाही. ‘हळू वाळवा, तडकणार नाही’ असं जे सांगतात त्यांच्याकडं बहुतेक वेळा लहान चकत्या असतात, वीतभर व्यासाच्या. टीपॉयच्या मापाला ते चालत नाही.

आता पीईजीकडं. पूर्ण नाव पॉलीइथिलीन ग्लायकॉल. पुढचा आकडा रेणूच्या सरासरी वजनाचा. ४०० नंबरचं पातळ असतं, ६००० नंबरचं म्हणजे कडक पांढरे फ्लेक्स. १००० दोन्हींच्या मधलं. दिसायला थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखं, नखानं खरवडलं तर मऊ लागतं, आणि ३७ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये डबा असला तर दुपारी आपोआप पातळ झालेला सापडतो. हाताळायला धोक्याचं नाही. याच कुळातली रसायनं मलमांत आणि पोट साफ करायच्या औषधांत वापरतात.

पाण्यात विरघळवून त्यात ताजी चकती बुडवली की हे रेणू सावकाश पेशींच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या पाण्याची जागा घेतात. पुढं पाणी उडून जातं, पीईजी उडत नाही. भिंत फुगलेलीच राहिली तर लाकूड आकसणार कसं आणि तडकणार कसं? अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत १९५० च्या दशकात यावर मोठं काम झालं. नाव ऐकलं असेल ते बहुधा वासा जहाजामुळं. १६२८ साली स्टॉकहोममध्ये बुडालेलं हे जहाज १९६१ साली वर काढलं आणि १९६२ ते १९७९ त्याच्यावर पीईजीचा फवारा चालू होता. शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं ओक लाकूड त्यामुळं टिकलं. आपल्या चकतीला एवढा काळ लागत नाही, पण तत्त्व तेच.

खरेदी करताना एक काळजी घ्या. एका व्यापाऱ्यानं मला १००० सांगून ६००० चं पोतं पाठवलं. पोत्याचं तोंड सोडल्याबरोबर हाताला कोरडे, खुळखुळणारे फ्लेक्स लागले, तिथंच कळलं. फोन केला तर, ‘‘काय ओ मिस्त्री, सगळं पीईजीच की! विरघळतंय नव्हं?’’ विरघळतं, यात वाद नाही. पण इतका मोठा रेणू भिंतीत शिरत नाही, पोकळीतच बसून राहतो, आणि लाकूड आकसायचं तेवढं आकसतं. ४०० चं उलटं. ते शिरतं झकास, पण हवेतलं पाणी इतकं ओढतं की लाकूड कायम ओलसर राहतं. पोतं मी जसंच्या तसं परत पाठवलं, जायचं-यायचं भाडं मात्र माझ्या खिशातून गेलं.

वापरण्याची पहिली अट म्हणजे चकती ताजी हवी. वाळत ठेवलेल्या, चिरा पडायला लागलेल्या चकतीला पीईजी लावून काही होत नाही, कारण भिंत एकदा आकसली की रेणूंना आत जायला जागाच नसते. माझं लाकूड बहुतेक वळवाच्या पावसात पडलेल्या झाडांचं, नाहीतर परवानगी घेऊन उतरवलेल्या झाडांचं असतं. (शहरात झाड स्वतःच्या परड्यातलं असलं तरी १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी घ्यावी लागते. चकतीच्या हौसेपायी उभं झाड तोडायला कुणी निघालं तर मी त्याला मदत करत नाही.) ओंडका मिळाल्याबरोबर दोन्ही तोंडांना जुना ऑइल पेंट जाड थापायचा. चकत्या कापायच्या दिवशी टोकाकडचं चार-सहा इंच टाकून द्यायचं, कारण तिथं चिरा सुरू झालेल्या असतात. कापलेली चकती टबात जाईपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. सालीसकट हवी असेल तर थंडीत उतरवलेलं झाड बरं, साल घट्ट राहते.

टब प्लास्टिकचा घ्या. करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं विचारलं होतं की गुऱ्हाळातली जुनी काहील पडून आहे, ती चालेल का. मापानं ती उत्तमच, रुंद आणि उथळ, पण लोखंडी असेल तर नको. लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, आणि लोखंडाची ओल्यात गाठ पडली की निळसर काळे डाग उमटतात आणि ते रंध्यानंही सहज जात नाहीत. याच कारणानं चकती बुडून राहावी म्हणून तिच्यावर ठेवायचं वजनही दगडाचं असावं, लोखंडाचं नको.

द्रावण वजनाच्या ३० टक्क्यांचं करा: ३० किलो पीईजीला ७० लिटर पाणी, किंवा त्या प्रमाणात कमी. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. एकेक घाणा काढल्यावर त्यातलं पीईजी कमी होत जातं, म्हणून पुढच्या वेळी अंदाजानं भर घालू नका. एक लिटर द्रावण काट्यावर ठेवा. ३० टक्क्यांचं असेल तर ते १०५० ग्रॅमच्या जवळ भरतं, ५० टक्क्यांचं असेल तर १०९० च्या जवळ. वजन साध्या पाण्याकडं सरकायला लागलं की पीईजी वाढवा. द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येतं. सुरुवातीचा खर्च ऐकून डोळे फिरतात ते ठीक आहे, पण एकाच चकतीवर तो सगळा धरला तरच.

किती दिवस बुडवायचं हे जाडीवर आणि लाकडावर आहे. मॅडिसनच्या लॅबोरेटरीनं इंच-दीड इंच जाडीच्या अक्रोडाच्या चकत्यांना ३० टक्के द्रावणात साध्या तापमानाला सुमारे तीन आठवडे सांगितले आहेत. द्रावण ६० अंशांपर्यंत गरम ठेवलं तर हा वेळ बराच कमी होतो. मी शेगडी लावत नाही. मार्च-एप्रिलमध्ये टब उन्हात ठेवून वर काळं प्लास्टिक घट्ट बांधतो, दुपारी द्रावण चांगलंच तापतं. आंबा या रीतीनं छान पितो. बाभूळ आणि सागवानाचं आतलं गडद लाकूड मात्र कितीही ठेवा, वरवरच पितं आणि आतून कोरं राहतं, आणि मग बाहेर न आकसणारा थर, आत आकसणारा गाभा, अशी चकती होते. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं, त्यांच्यावर पैसे घालू नका.

आंब्याला आणखी दोन शत्रू आहेत. ओल्या लाकडावर निळसर बुरशीचे पट्टे येतात, आणि वाळल्यावर भुंगा लागून बारीक भोकांतून पीठ पडायला लागतं. पीईजी यातलं काही थांबवत नाही. द्रावणात बोरॅक्स आणि बोरिक आम्ल घातलं तर दोन्हींचा बंदोबस्त होतो. वासा जहाजावरच्या द्रावणातही ही दोन्ही घातलेली होती.

काम झालं की नाही हे नजरेनं ठरवू नये, मोजावं. मी चकतीच्या कडेजवळ, एकाच वलयाला धरून, दोन बारीक पितळी खिळे ठोकतो, मधलं अंतर व्हर्नियरनं बरोबर २०० मिलिमीटर ठेवतो आणि अंतर खडूनं मागच्या बाजूला लिहितो. आंब्याच्या एकाच ओंडक्यातल्या शेजारशेजारच्या दोन चकत्यांवर हे करून बघितलं. एक टबातली, एक साधी, दोन्ही एकाच माळ्यावर. साधीवरचं अंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ५ मिलिमीटरच्या वर कमी झालं आणि सालीपासून गाभ्यापर्यंत बोट जाईल अशी फाट पडली. टबातल्या चकतीवर व्हर्नियर लावला तर अर्धा मिलिमीटरही हललेलं नव्हतं. गाभ्याच्या ठिपक्याभोवती भिंग लावून बघितलं, तिथंही चीर नाही. साल हातानं ओढली तरी सुटत नव्हती. वर्षानुवर्षं लाकूड हाताळणाऱ्या माणसाला हे बघून केवढं समाधान वाटतं ते मी सांगू शकत नाही. हे रसायन बोलल्याप्रमाणं वागतं.

मग तारे का कापले? जुलैमुळं. पीईजी हवेतला ओलावा धरतं. गगनबावड्याकडून पाऊस लागला आणि हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास आठवडेच्या आठवडे राहिली की पॉलिश न केलेली पीईजीची चकती हाताला चिकट, दमट लागते. वर्तमानपत्र ठेवलं तर कागद चिकटतो. जास्त पीईजी प्यायलेल्या चकतीवर तर अक्षरशः घाम येतो. साधं लाकूडही या दिवसांत २० टक्क्यांपर्यंत ओलावा घेतं आणि एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांवर आली तर ६ टक्क्यांकडं उतरतं, पण ते चिकट होत नाही. म्हणून पीईजीच्या चकतीला सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, फिनिश लागतंच. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं वरचं जादा पीईजी पुसून काढायचं, सावलीत सावकाश वाळू द्यायची, आणि मग पीयूचे, म्हणजे पॉलीयुरेथेन पॉलिशचे, हात मारायचे. लाखेचं पॉलिश यावर धरत नाही, त्याचा हट्ट सोडा. आणि पीयूचं काम गणपतीच्या आधी काढू नका. ऑक्टोबरची हवा कोरडी झाल्यावर हात घातला तर काम बसतं.

डिंकाचंही तसंच. पांढरा सुतारी गम पीईजीच्या लाकडावर नीट पकडत नाही. पाय बसवायचे तर आरपार भोक पाडून, पायाच्या डोक्याला काप देऊन, वरून पाचर ठोकायची. नाहीतर खालून प्लेट घेऊन बोल्ट. गमच्या भरवशावर स्टुलावर माणूस बसवू नका.

पीईजी नको असेल तर काय? सागवान आणि बाभळीला मी जे करतो ते फार जुनं आणि बिनखर्चाचं आहे. चकती ओली असतानाच सालीपासून गाभ्यापर्यंत करवतीचा एकच सरळ काप द्यायचा. इंचाची जी तूट आहे ती सगळी त्या कापाच्या तोंडाशी येते, बाकी चकती शाबूत राहते. पुढच्या उन्हाळ्यात काप उघडून त्रिकोणी झालेला असतो. त्यात शिसवाची गडद पाचर घासून बसवायची. ही पाचर मला अखंड चकतीपेक्षाही आवडते, लाकूड कुठं आणि किती हललं ते उघड दिसतं. चकती तिरकी कापली तर लंबगोल निघते आणि तडेही कमी जातात, पण मग ओंडका जास्त खर्ची पडतो.

आणि रेन ट्री. पर्जन्यवृक्ष म्हणा, आपल्या जुन्या रस्त्यांवर याचे मोठाले बुंधे आहेत आणि पडलेल्या झाडाचं लाकूड बहुतेक जळणात जातं, याचं मला फार वाईट वाटतं. याचं आकसणं वलयांच्या दिशेनं ३.४ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेनं २ टक्के. फरक फक्त १.४ टक्के, सागवानाच्या निम्म्याहून कमी. त्याच ४०० मिलिमीटरच्या चकतीला इंचाऐवजी सेंटिमीटरभरच तूट येते. हवाई बेटांवर याच लाकडाची भांडी ओली असतानाच कातून काढतात, ती याच गुणामुळं. तोंडांना मेण लावून, सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवलं तर बारीक चिरांवर भागतं. आतलं चॉकलेटी आणि बाहेरचं पिवळसर लाकूड यांची कडा पॉलिशनंतर फार सुंदर उठते. पहिल्यांदा चकती करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

दोन सल्ले आमच्या भागात हटकून मिळतात, ते मानू नका. एक, ‘एचटी (हीट ट्रीटमेंट) चेंबरमध्ये घालून आणा.’ शिरोली, गोकुळ शिरगावहून कास्टिंग परदेशी जातात, त्यांच्या लाकडी खोक्यांना आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं उष्णता द्यावी लागते. ती कीड मारायला. तेवढ्यानं लाकूड वाळत नाही, आणि ओली चकती एकदम तापवली तर तडेच जातात. दुसरा, फौंड्रीतल्या कोअर ओव्हनच्या, म्हणजे वाळूचे गाभे भाजायच्या भट्टीच्या, माथ्यावर ठेवायचा. तिथं चकती लवकर वाळते हे खरं, पण खाली येते ती चार तुकड्यांनी.

तेव्हा आंबा असेल, ताजा असेल, आणि एकापेक्षा जास्त चकत्या करायच्या असतील तर पीईजी १००० घ्या. मार्चमध्ये टब भरला तर पावसाआधी चकत्या बाहेर येतात. दुकानदाराला नुसतं ‘पीईजी’ सांगू नका, पावतीवर १००० हा आकडा लिहून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी पोत्याचं तोंड सोडून माल नखानं खरवडून बघा.